कुसुमताईंचं लिनक्स

१३ ऑक्टोबर, सोमवार
उद्यापासून आमच्या जुन्या विंडोजला अपडेट बंद! दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर — कुसुमताईंचा आणि माझा — जुने, नवं विंडोज त्यांना झेपत नाही. मालक अंकुरभाऊ म्हणाले, "एकच नवा घेऊ. एका मशीनवर एकच माणूस पुरते." म्हणजे कुसुमताईंची खुर्ची जाणार. भाऊंच्या वडिलांच्या काळापासून कोसा रेशमाच्या साड्यांची बिलं त्याच करतात. मी बोलून बसले — जुन्यावरच लिनक्स टाकते, विंडोजसारखंच काम करतं, फुकट आहे. बिलाचं सॉफ्टवेअर विंडोजमध्येच चालतं, म्हणून विंडोजही त्याच मशीनवर राहू देते. इंटरनेट मात्र लिनक्समध्ये, अपडेटशिवायच्या विंडोजला व्हायरसची भीती. भाऊ म्हणाले, "पाहू."

१६ ऑक्टोबर
सुरू केलं की मशीन विचारतं — लिनक्स की विंडोज? थोडा वेळ वाट बघतं, मग आपणच लिनक्समध्ये शिरतं. मला वाटलं, सोपं आहे. कुठलं काय! कुसुमताई बटण दाबतात, उदबत्ती ओवाळतात, डोळे मिटून हात जोडतात. डोळे उघडले तर लिनक्स! "माहं बिल कुठी गेलं वं रत्ना?" ऐन दिवाळीची गर्दी, गिऱ्हाईक अड्याळच्या बसच्या घाईत. साडी टाकून गेलं. भाऊंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

१७ ऑक्टोबर
सेटिंग बदललं, आता मशीन उत्तर मिळेपर्यंत थांबतं. ताई अजून फुगलेल्याच. "देवाले घाई नाही, मंग याले काहून होती?"
खरंच की!

३ नोव्हेंबर
ताई रमल्या! नागपूरच्या गिऱ्हाइकांना साड्यांचे फोटो लिनक्समधून पाठवतात, बिलापुरतं विंडोज. "हे तुहं बरं हाय वं. विंडोजवानी गुरगुरत नाही." दिवसभर मी खुशीत.

११ नोव्हेंबर
अंकुरभाऊ आज ताईंचं काम बघत उभे होते. मग मला बाजूला घेऊन — "मस्त जमवलं तू. ताईले आता सारंच येते. मंग दोघी कायले पाहिजे? पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे पाहून घे."
मी "बरं" म्हणाले. बरं कसलं! एवढ्याशा पवनीत दुसरीकडे आहे तरी काय? बाबांना अजून सांगितलं नाही. निघताना ताईंना सांगितलं. त्या मशीन बंद करून, पिशवी उचलून सरळ निघून गेल्या. फार राग आला.

१२ नोव्हेंबर
ताई सकाळीच भाऊंसमोर जाऊन उभ्या. "मले त्या लिनक्समधलं काहीच समजत नाही. रत्ना जाऊन राहिली तर मले बी सोडून दे, अंकुर."
भाऊ गडबडले. "राहा मंग दोघी बी."
काल अडकलेला प्रिंटर ताईंनीच सुरू करून दिला होता — लिनक्समध्ये, मला जमेना तेव्हा.