मऊ फरशी

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. पूल ओलांडून बेटावर उतरल्यापासून दान्बी गाडीत नाचत होती. गोजेत तुला काय करमणार, असं आई म्हणायची. पण बाराव्या मजल्याची ही खिडकी उघडली आणि समोर जहाजाच्या कारखान्यातल्या उंचच उंच क्रेन, त्यांच्या पलीकडे समुद्र. दोंग्यु कौतुकाने बोट दाखवून सांगत होता, ती लाल क्रेन माझी. जसा काही त्याने विकतच घेतलाय कारखाना.

सामान लावून होईना, म्हणून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काळ्या सॉसातल्या शेवया मागवून खाल्ल्या. जमीन छान गरम आहे, फरशीखालच्या नळ्या अजून धडधाकट दिसतात. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. वर्षभर बंद होतं म्हणे हे घर, तरी कुबट वास नाही. दान्बी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत सुटली. दोंग्यु म्हणाला, ही मुलगी नाही, बैलजोडी आहे.

५ मार्च, बुधवार

नव्या घरी आलो की शेजारी वाटायच्या म्हणून लाल चवळीच्या पिठाच्या वड्या घेऊन खाली गेले. आमच्या बरोबर खालच्या घरात मेंग आजी एकट्या राहतात. ऐंशीच्या असतील. दार फटीएवढंच उघडलं. वड्या घेतल्या, पण त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हतीच, माझ्या पायांकडे होती. विचारलं, सूनबाई, तुम्ही टाच आपटून चालता का. मी म्हटलं, नाही हो, मी हलकीच आहे, पोरगी मात्र जरा धावते. त्या म्हणाल्या, पोरीचं मला कळतं. पोरीचं वेगळं असतं. आणि दार लावून घेतलं.

९ मार्च, रविवार

खालून ठोकतात. काठीने असावं. तीन ठोके, थांबून परत तीन. मला आधी वाटलं, दान्बीमुळे. पण परवा ती बालवाडीत होती, मी भाजी निवडत बसले होते, घरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, तरी ठोकलं. आज पहारेकरी होंग काकांना लिफ्टपाशी गाठलं. ते खजील होऊन म्हणाले, दान्बीची आई, मनाला लावून घेऊ नका, वरचं घर रिकामं होतं तेव्हाही म्हातारी ठोकायचीच.

दोंग्युला मात्र ते पटेना. शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन या देशात कुणाचं भलं झालंय, म्हणाला. वरखालच्या मजल्यांची भांडणं कुठवर जातात ते रोज बातम्यांत बघतोच. मऊ फरशा टाकू या, म्हणजे म्हातारीलाही त्रास नाही आणि पोरीलाही हवं तेवढं धावू दे.

१५ मार्च, शनिवार

आज फरशा बसवल्या, आम्ही दोघांनीच. दोन बोटं जाड, वरून लाकडासारख्या दिसतात, आत दाट फेस. कडेला दाते असतात, ते एकमेकांत दाबले की झालं, ना चुना ना सिमेंट. बाल्कनीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. भिंतीशी आल्यावर पोलादी पट्टी धरून कटरने कापायच्या, आणि फुगायला बोटभर जागा सोडायची. दोंग्यु एरवी जहाजाचे पत्रे कापतो, पण या फेसाने त्याला रडवलं. दान्बीने उरलेल्या तुकड्यांचं घर केलं.

एकच घोटाळा झाला. फरशीची जाडी दोंग्युने धरलीच नव्हती, आतल्या खोलीचं दार अडायला लागलं. शेवटी त्याने ते काढून बाल्कनीत उभं केलं. खालून तासून घेतो म्हणाला, सवड मिळाली की.

पण काय सुख आहे. चाललं तर पाऊल थोडंसं आत जातं आणि खळगा सावकाश भरून येतो, उकडलेल्या तांदळाच्या वडीवर बोट दाबावं तसा. दान्बी उड्या मारते आणि आवाज शून्य.

१८ मार्च, मंगळवार

घर इतकं शांत झालंय की दान्बी मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही. दोनदा दचकले.

दुपारी मेंग आजी वर आल्या. आभार मानायला आल्या असतील म्हणून मी हसतच दार उघडलं. त्या उंबऱ्यातच वाकून फरशी चाचपायला लागल्या आणि रडायला लागल्या. हे काढ, म्हणाल्या. अगं, मला आता काही ऐकूच येत नाही. मी म्हटलं, आजी, तुमच्यासाठीच तर टाकल्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीसारखा वळ उठला. होंग काकांना बोलवावं लागलं.

दोंग्यु वैतागला. आवाज असला तरी रडते, नसला तरी रडते.

२१ मार्च, शुक्रवार

आज एक गोष्ट झाली. लिहिताना वेडेपणा वाटतोय.

दान्बी बालवाडीत होती. मी कपडे वाळत घालून आत आले, तर स्वयंपाकघरापाशी फरशीत दोन खळगे. माझी पावलं म्हणावीत तर मी तिकडे गेलेच नव्हते. नुसत्या टाचांचे खळगे, खोल, रुंद, शेजारी शेजारी. कुणी तिथे पाय जुळवून उभं राहिल्यासारखे. मी बघत राहिले. ते भरत नव्हते. फेस भरून यायला श्वासभर वेळ लागतो, हे तसेच राहिले. मग माझ्या हातातला चिमटा खाली पडला, टक् झालं, आणि ते दोन्ही एकदम भरून आले. आणि माझ्या जवळ, चिमट्यापाशी, दोन नवे पडले.

मी चपला न घालता खाली पळाले.

दोंग्यु म्हणतो फेस स्वस्तातला असेल, गरम जमिनीवर फुगतो, दबतो. असेल.

२४ मार्च, सोमवार

दान्बी जेवून झोपली होती. मी शेजारीच घड्या घालत होते. ती झोपेत बडबडते, तशी काहीतरी मोठ्याने बोलली आणि मध्येच थांबली. मी मान वर केली तर तिचे डोळे उघडे, पाय झाडत होती, आणि आवाज नाही. मी तिला उचललं तेव्हा श्वास आला.

तोंडाभोवती लाल वळ. गालांवर चार इकडे, एक तिकडे. तिच्या उशाशी फरशीत दोन गुडघ्यांएवढे खळगे हळूहळू भरत होते.

ती म्हणाली, आजोबांनी तोंडावर हात ठेवला. गप म्हणाले.

तिला आजोबा नाहीत. माझ्याकडचे नाहीत, दोंग्युकडचेही नाहीत.

डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. दोंग्युला तेच हवं होतं.

२५ मार्च, मंगळवार

मेंग आजींकडे गेले. त्यांनी आज आत घेतलं. भिंतीवर एका दणकट म्हाताऱ्याचा फोटो. माझा नवरा, म्हणाल्या.

तीस वर्षं जहाजाच्या पोटात हातोडा चालवला त्याने. कान बिघडले, पण बहिरा झाला असता तर बरं, तसं झालं नाही. उलट बारीकसा धप् असा आवाज झाला तरी त्याच्या डोक्यात घण बसायचा. वरच्या घरात एक मुलगी एकटी राहायची, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, टाच आपटून चालायची. एका दुपारी तो वर गेला. शिवीगाळ नाही, काही नाही, चपला नीट दाराबाहेर काढून ठेवल्या. तिच्या तोंडावर हात दाबून धरला. आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मग तिथेच स्वयंपाकघरापाशी बसला आणि त्याचं काळीज थांबलं. पोलिसांनी त्याला झोळीत घालून उतरवलं, आजी म्हणाल्या, पण तो काही खाली आलेला नाही, सूनबाई. आवाज कोण करतं ते शोधत फिरतो.

मग तुम्ही ठोकता कशाला, मी विचारलं. त्या म्हणाल्या, जेवण तयार झालं की मी असंच काठीने छताला ठोकून त्याला हाक मारायची, जुन्या बैठ्या घरात तो गच्चीवर असला की. आमची जुनी खूण. ती ऐकली की जिथे असेल तिथे थबकतो, निवतो. पण तो चालतोय हे मला कळायला नको का. तू त्याच्या पायांचा आवाजच पुसून टाकलास.

२६ मार्च, बुधवार

दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची फरशीची पट्टी काढली. बाकीचं काढू देत नाही दोंग्यु. तो माझ्याकडे हल्ली आजाऱ्याकडे बघावं तसं बघतो. पण पट्टी काढायला त्यानेच मदत केली.

३० मार्च, रविवार

जमतंय. मला विश्वास बसत नाही, पण जमतंय. दुपारी उघड्या जमिनीवर धप्, धप्, लक्ष देऊन ऐकलं की आता मलाही कळतं. टाच, टाच. दान्बीला कुशीत घेऊन मी श्वास धरून बसते. खालून तीन ठोके. मग काही नाही. काल मी आजींना मुळ्याची किमची नेऊन दिली. त्या म्हणाल्या, मी आहे तोवर घाबरू नकोस. आम्ही दोघी हसलोसुद्धा. अशी कशी ही नोकरी, म्हणाल्या, मेल्यावरही नवऱ्याला जेवायला हाका मारायच्या.

दोंग्यु परवा नव्या जहाजाच्या चाचणीला समुद्रात जाणार. तिथे फोन लागत नाही. चाचणी संपवून शुक्रवारी परत.

२ एप्रिल, बुधवार

आजींना नेलं.

त्यांचा मुलगा मासान शहरातून आला होता. शेजारच्यांनी ठोकण्याची तक्रार केली म्हणे. वृद्धांच्या रुग्णालयात ठेवणार. मी खाली धावले तेव्हा त्या गाडीत बसल्या होत्या. मी मुलाला सांगायला लागले, त्याने काच वर केली. आजी काचेवर बोटं आपटत होत्या. तीनदा. परत तीनदा.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी धप्, धप् सुरू झालं. खालून काही नाही. मला सुचेना. मी डाव घेऊन जमिनीवर तीन ठोके दिले, आजींसारखे.

चूक. फार मोठी चूक. खूण खालून यायला हवी. वरून आली की तो फक्त आवाज.

धप् धप् माझ्याकडे वळले, वेगाने. मग मऊ फरशी लागली आणि आवाज बंद. आवाज थांबला म्हणजे तो थांबला असं नाही. खळगे दिसले, एकेक, माझ्याकडे. मी दान्बीला उचलून, दाराशी अडकवलेली पिशवी ओढून अनवाणी बाहेर पडले.

रात्रभर उघड्या असणाऱ्या सार्वजनिक स्नानगृहातल्या गरम खोलीत झोपतोय आज. दान्बीला ताप आहे. आईला फोन केला, उद्या येते म्हटलं. दोंग्यु उद्या दुपारी आला की लगेच निघायचं.

४ एप्रिल, शुक्रवार

फक्त औषध आणि कपडे घ्यायला आले. दार उघडं ठेवून, पटकन. दान्बी खांद्यावर झोपलेली. तिला आतल्या खोलीत गादीवर ठेवलं, पिशवी भरायला घेतली, आणि बाहेरचं दार वाऱ्याने आपटलं.

मोठ्याने.

आता खोलीच्या तोंडाशी दोन खळगे आहेत. दार नाही या खोलीला. ते बाल्कनीत आहे.

दान्बी झोपलीय. मी हलत नाही. फोन स्वयंपाकघरात. पिशवीत ही वही होती. पेनचा आवाज होत नाही. लिहीत राहिले की ओरडायचं टळतं.

फोन वाजला. आई असणार. खळगे भरले, पट्टीवर धप् धप्, स्वयंपाकघराकडे. आत्ता निघायचं — दान्बीला उचलायला गेले तर ती कण्हली. थांबले. धप् — परत आला. आत. एक खळगा खोलीत.

फोन थांबला.

तो ऐकतोय. मी श्वास तोंडाने घेते, हळू.

ऊन सरकलंय. दान्बी खोकली. एकदाच, बारीक. खळगा पुढे. गादीच्या पायथ्याशी.

लिफ्ट. बाराव्यावर थांबली. पावलं — बुटांची — दोंग्यु. शीळ घालतोय. असा कसा शीळ —

खळगे वळले. दाराकडे. दोंग्यु कुलपाचे आकडे दाबतोय, टिक टिक —

ओरडले तर खळगे इकडे वळतील. नाही ओरडले तर दोंग्यु —

दान्बीने डोळे उघडले. शीळ ओळखली. हसतेय. बाबा म्हणणार, आता म्हणणार — डावा हात तिच्या तोंडावर ठेवलाय, हळूच, बाळा फक्त एक क्षण —

पट्टीवर धप् नाही. दारापाशी कुणीच नाही. कुठे —

हाताखाली तिचे ओठ लागायला हवेत. लागत नाहीत. बोटं आहेत. जाड, गार, आधीपासून तिथे —