मोजणीची डबी

रविवार, ३ मार्च
आज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत लोकगीतांचा आठवडा. खालच्या मजल्यावरची इवेलिना काय गायली! आठवडाभर दवाखान्यात नर्सचं काम करून सोफियाला गेलेली पोरगी, पण थकवा कुठे दिसला नाही.
किरिल नेहमीसारखाच कार्यक्रमाआधी उठून मित्कोकडे सोंगट्या खेळायला गेला. चाळीस वर्षांचा संसार, आणि रविवारची संध्याकाळ मी एकटी.
टीव्हीजवळच्या डबीवरचं माझं बटण दाबलं. कोण काय बघतं ते मोजणारी ही डबी आमच्या रुसे शहरात मोजक्याच घरांत आहे. कुणाला सांगणार नाही अशी सही दिलीय. वहीला सांगितलेलं चालत असावं!

शुक्रवार, ८ मार्च
महिला दिन. किरिलने ट्युलिपची जुडी आणली, ओट्यावर ठेवली आणि आत गेला.

रविवार, १० मार्च
नाचगाण्यांचा आठवडा. इवेलिनाला चमचमता झगा घातला होता. बिचारी सारखी तो खाली ओढत होती — पण टिकली.

बुधवार, १३ मार्च
पेपरात आलंय, प्रेक्षक निम्म्यावर आले. आणखी घटले तर वाहिनी कार्यक्रम लवकर गुंडाळणार.
इवेलिना जिन्यात भेटली. घरात आणून चीज भरलेली बनित्सा खाऊ घातली. म्हणाली, "काकू, हा आठवडा याचा, तो आठवडा त्याचा. मला हवं ते गाणं फक्त शेवटच्या भागात गाता येतं. तिथवर पोचले तर!"

रविवार, १७ मार्च
सिनेमाच्या गाण्यांचा आठवडा. डबीवर दुसरं बटण किरिलचं. किरिल मित्कोकडे. एका डबीमागे हजारो घरं धरतात म्हणे. म्हणजे मी ते दाबलं की हजारो किरिल टीव्हीसमोर येऊन बसणार.
बोट बटणावर ठेवलंही. तेवढ्यात इवेलिना गायला लागली, आणि माझी मलाच लाज वाटली. तिच्या गाण्याला खोटी गर्दी कशाला? बोट काढलं आणि सगळं गाणं तिथेच उभ्याने ऐकलं.

गुरुवार, २१ मार्च
जाहीर झालं — येत्या रविवारीच शेवटचा भाग. इवेलिना आहे त्यात!
किरिलच्या समोर उभी राहून म्हटलं, या वेळी तरी थांब. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाला आणि टोपी शोधायला लागला. मी रागाने भांडी आपटली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

रविवार, २४ मार्च
इवेलिनाने आजीकडून शिकलेलं कापणीचं गाणं गायलं. तिसरी आली. मी भरपूर रडले. किरिल आला, जेवला, झोपला.

सोमवार, २५ मार्च
पाकीट विसरले म्हणून बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परतले. कालचा भाग पुन्हा लागला होता — सोमवारी लागतो तो, गाण्याचे शब्द पडद्यावर लिहून येतात तसला. किरिल टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूल ओढून बसलेला. ओठ हलवत इवेलिनाचं गाणं वाचत होता.
दारातून हाक मारली. मग मोठ्याने. मग ओरडलेच.
त्याला ऐकू येत नाही.