तापलेल्या फाळाचं वजन

२० नोव्हेंबर १९५५, रविवार. मानवत.
सिद्धांत पूर्ण! उष्णता ही शक्ती, आणि शक्तीला वजन असतं. म्हणजे लोखंड तापवलं की जड होणार. माझ्या गणिताने शेराला तोळाभर. हैदराबादेत मला एम.एस्सी.ला शिकवणारे प्रोफेसरसाहेब पुढच्या रविवारी इथे येणार आहेत. काम पटलं तर संशोधनाची जागा देतो म्हणालेत. नाही पटलं तर जन्मभर आठवीचा वर्ग. छे, नकोच तो विचार.

२२ नोव्हेंबर.
सौ. सुमनला सामान बांधायला सांगितलं. ती म्हणाली की आधी जागा तर मिळू द्या, लोक हसतील. बायकांना आत्मविश्वास कमीच. वळकटी मीच बांधली.

२४ नोव्हेंबर.
साहेबांना कागद पुरे. पण आपल्यात कोण राहतंय हे गावालाही कळायला नको? म्हणून शाळेच्या मैदानावर जाहीर प्रयोग. हेडमास्तर म्हणाले, एकदा गुपचूप करून तर बघा. आम्ही थिअरीवाले. करून बघणं आमचं काम नव्हे. मल्हारी लोहाराला भाता घेऊन बोलावलंय. तो म्हणाला की मास्तर, तुमी म्हनताव म्हंजी असंलच, भट्टीपुढं बसून आमचा हात तर लय जड व्हायलाय. हा माझा पहिला पुरावा.

२६ नोव्हेंबर, सकाळी.
रात्री तीनदा उठून कंदील लावला. अर्थात आनंदाने. गणित पुन्हा तपासावं का? नको. तपासलं म्हणजे शंका आली असा अर्थ होतो.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी.
लिहवत नाही.
लालबुंद फाळ ताजव्यात ठेवला. समोरच्या पारड्यात तो थंड असताना बरोबर झालेली वजनं. फाळाचं पारडं हललं. आणि वर गेलं! मागून कुणी तरी ओरडलं की मास्तर, हे तर हलकं व्हायलंय. मी लगेच समजावलं की गरम हवा पारडं वर ढकलते. साहेबांनी मान हलवली, मला वर्गातल्या फळ्याकडे नेलं आणि हळूच विचारलं, प्रकाशाचा वेग कुठाय? आमच्यात गणित करताना तो एक धरायची रीत आहे. लिहिणं वाचतं. शेवटी तो परत घालून त्याच्या वर्गाने भागायचं असतं. मी घातला नव्हता. साहेबांनी घातला. माझ्या तोळ्याचा अपूर्णांक झाला, दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं लागली की फळा पुरेना. साहेब म्हणाले, मियाँ, कल्पना बरोबर आहे, पण ती पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेली. मग चहा न घेताच मोटारीत बसले. जागेचं बोलले नाहीत. घाईत विसरले असतील.

२८ नोव्हेंबर, सोमवार.
सुमनने वळकटी सोडली. एका शब्दाने टोचलं नाही. तेच फार लागलं.
आठवीला नेमका उष्णतेचा धडा. विचारलं, लोखंड तापवल्यावर काय वाढतं? एकानेही हात वर केला नाही. सगळ्यांच्या माना खाली. एरवी वर्ग डोक्यावर घेणारा मागच्या बाकावरचा येडबासुद्धा वहीकडे बघत बसला. मी जरा वेळ व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत कुणी हसलं नाही.
मुलं फारच कच्ची आहेत. उद्यापासून जादा तास घेणार.