गोळी औषध आहे, हे देवीसमोर सांगण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
दिलासा व्यसनमुक्ती उपचार केंद्र, रोहे.

विषय : जिभेखालची गोळी हे औषध आहे, असे गडब येथे गावदेवीसमोर येऊन सांगण्याबाबत.
संदर्भ : आपले रुग्ण कै. प्रविण काळुराम कडू, रा. गडब.

महोदया,

अर्जदार निवृत्त प्राथमिक शिक्षक असून प्रविण व त्याचा धाकटा भाऊ मितेश दोघेही अर्जदाराच्या हाताखाली मुळाक्षरे गिरवून मोठे झाले.

१. गर्दच्या व्यसनातून सुटण्यासाठी प्रविण रोज एसटीने रोह्याला येऊन आपल्यासमोर जिभेखाली गोळी ठेवत असे. तो कंपनीत पुन्हा शिफ्टला जाऊ लागला, घरात पोटभर जेवू लागला. पण गावात टोमणे सुरू झाले, "नशा सोडली म्हनं, मंग रोज रोह्याला जाऊन जिभेखाली काय ठेवतो?" आई सगुणाबाईने ते मनाला लावून घेतले. गावच्या रीतीप्रमाणे तिने त्याच्या हातात नारळ दिला आणि कसलीच नशा करणार नाही, अशी देवीसमोर शपथ घ्यायला लावली. प्रविण शब्दाचा पक्का. त्याने गोळीही सोडली.

२. त्याचे अंग मोडून आले, हातपाय थरथरू लागले. देवी परीक्षा बघते, असे आईला वाटले. पुढे तगमग सोसवेना, तेव्हा त्याने एकदाच पूर्वीइतकी गर्द घेतली. मधल्या काळात शरीराची सवय मोडली होती, म्हणून तेवढ्यानेच जीव गेला, हे आपणच अर्जदारास समजावून सांगितले. गाव मात्र म्हणते, शपथ मोडली म्हणून गेला.

३. मितेशलाही तेच व्यसन आहे. तो गोळी घेण्यास राजी आहे. परंतु येत्या मंगळवारी सगुणाबाई त्याच्याही हातात नारळ देणार आहे. रोज चष्मा लावला म्हणून चष्म्याचे व्यसन लागत नाही, असे अर्जदाराने तिला लहान मुलांना सांगावे तसे सांगून पाहिले. ती म्हणाली, "चष्मा काढला म्हून कोन थरथरत नाय, गुरुजी." म्हणून अर्जदार देवळात गुरवांकडे गेला.

४. देवळाचे गुरव म्हणतात, "डाक्टरीणबाईंनी नारलावर हात ठेवून सांगू द्या, औषध हाय म्हून. मंग शपथेत गोली धरनार नाय." अधिकाऱ्यांस अशी विनंती करणे विचित्र आहे, याची जाणीव आहे. आपल्या नियमांत नारळ बसत नसल्यास तो अर्जदार धरील. आपण फक्त बोलावे. मंगळवारच्या आत यावे.

५. आणखी एक. गोळी औषध होती, हे ऐकताच सगुणाबाई आपणांस विचारील, "मंग माझ्या प्रविणला मारला कोनी?" त्या वेळी कृपया काहीही सांगू नये. अर्जदार तिच्या शेजारीच उभा असेल.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
विष्णु केशव दातार
पेण, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
मितेशचे सहीचे संमतीपत्र.
गडब थांब्यापासून देवळापर्यंतच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा.