धर्मगुरूंची सही

प्रिय धाकटीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. अडचण आहे ती हे सिद्ध करण्याची.

निवृत्त शिक्षकांच्या वसाहतीत खोली टिकवायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यावर डॉक्टर, वकील किंवा धर्मगुरू यांची सही हवी. (डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी पडतो, वकिलाकडे गेलं की घरदार.) म्हणून आपल्या शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टरांची सही नेली. कचेरीतली चष्मेवाली म्हणते, "आजी, सिस्टर कायद्याने धर्मगुरू नव्हेत. त्यांचं व्रत असतं, फादरांसारखी गुरुदीक्षा नसते." सत्तर वर्षं देवाची चाकरी केलेल्या बाईला या कालच्या पोरीने एका वाक्यात बाद केलं.

मग भर दुपारी शाळेमागच्या चर्चमध्ये गेले. फादर एकटेच टेबलाशी बसले होते. काही न विचारता त्यांनी सही केली आणि उठले, तर खुर्चीवरची बोटभर धूळ होती तशीच. (झाडणारी बाई बदला, मी स्पष्ट सांगितलं.)

चष्मेवालीने सही पाहून आवाज खाली आणला. "आजी, हे फादर वारून सात वर्षं झाली."

"मग? गुरुदीक्षा एकदा मिळाली की पुसली जात नाही, आम्हाला चौथीत शिकवलंय."

"धर्मात नसेल पुसली जात. आमच्या यादीतून नाव मेल्या दिवशीच जातं."

तक्रार घेऊन मी फादरांकडे परतले. ते शांतपणे म्हणाले, "मी खोटी सही करत नाही, बाई. मला दिसतात त्यांच्यासाठीच करतो. हल्ली फार थोडी माणसं दिसतात." तोच निरोप घेऊन पुन्हा कचेरी गाठली. चष्मेवालीने माझा नंबर पुकारला, मी खिडकीशी उभी राहिले, आणि तिने माझ्यामागे बघत पुढचा नंबर पुकारला. चाळीस वर्षं मी हजेरी घेतली, पण समोर उभ्या मुलीला कधी गैरहजर लावलं नाही.

तुझी,
ताई

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सख्ख्या बहिणीने समक्ष पाहून लिहून दिलेलंही चालतं. गुरुवारी बाराच्या आत ये, नाहीतर खोली दुसऱ्याला देतील.

ता. क. २. मंगळवारी मी स्वतःच आले होते. तू दार उघडलंस, जिन्याकडे पाहिलंस, "कोणी नाही" असं आत सांगितलंस आणि माझ्या तोंडावर दार लावलंस. थोरल्या बहिणीशी असं वागतात? म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. गुरुवारी तरी नीट बघ.