तुकड्या पाडण्याची नजर

१४ सप्टेंबर, दमनहूर, इजिप्त
शाळा उघडायला आठवडा. मुख्याध्यापिका इनायात मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या पाच तुकड्या पाडायचं काम दिलं. हुशारीप्रमाणे पाडा म्हणाल्या. कमिटी नेमली आहे. कमिटीत मी एकटाच. गणिताच्या मास्तरला पोराच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. बुटांवरून आणखी लवकर कळतं, पण हे कुठं बोलायचं नाही.
ठराव: संपूर्ण निःपक्षपातीपणा.

१६ सप्टेंबर
पोरांना शाळेआधीच बोलावून वीस मार्कांची टेस्ट घेतली. माझ्या हातिमला सात. बाप मास्तर असला की पोरावर प्रेशर येतं. प्रेशर नसतं तर सतरा. पहिली तुकडी.
इन्शिराह मितवल्ली, एकोणीस. बाप रेल्वे फाटकापाशी भाजक्या रताळ्यांची गाडी लावतो. रजिस्टरात बापाच्या धंद्याचा रकाना उगीच ठेवलेला नाही. अशा घरात एकोणीस म्हणजे निव्वळ योगायोग. पाचवी तुकडी.

१७ सप्टेंबर
पहिल्या तुकडीत चाळीस पोरं. त्यातली छत्तीस संध्याकाळी माझ्या दिवाणखान्यात शिकवणीला येतात. बायको, नगला, म्हणाली, छान जमवलंत. काही जमवलेलं नाही. हुशार पोरांना चांगला मास्तर ओळखता येतो, एवढंच.

२१ ऑक्टोबर
पाचवी तुकडी संडासाशेजारच्या खोलीत. एका बाकावर चौघं. त्यांना वर्षभरात अर्धंच पुस्तक शिकवायचं ठरवलं. बाकीचं डोक्यात शिरत नाही. शिकवून पाहिलेलं नाही, पण शिरलं नसतंच.
इन्शिराहने विचारलं, उस्ताद, पहिल्या तुकडीचा चौथा धडा झाला, आमचा कधी? म्हटलं, बाई, तुमच्या पोटाला झेपेल तेवढंच वाढतोय. वर्ग हसला. ती हसली नाही. विनोदबुद्धी नसणं हे गणित कच्चं असल्याचं लक्षण.

१८ नोव्हेंबर
मॅडमच्या हट्टापायी पाचही तुकड्यांना वीस मार्कांचा एकच पेपर. हातिमला नऊ. म्हणजे प्रगती आहे.
इन्शिराहचं सगळं बरोबर. पण तिसरं गणित तिने दोन ओळीत सोडवलं. मी सात ओळीत शिकवतो. त्या गणिताला शून्य दिलं. उत्तर बरोबर आलं म्हणून पद्धत बरोबर होत नाही.
संध्याकाळी तिची पद्धत करून बघितली. चार वेळा. दोनच ओळी होतात. असो.

६ डिसेंबर
जजसाहेबांचा मुलगा अलेक्झांड्रियाला गेला. पहिल्या तुकडीत एक जागा रिकामी. मॅडम म्हणाल्या, त्या रताळेवाल्याच्या मुलीला द्या. हो म्हटलं. मी कुणाला नाही म्हणत नाही.
घरी येऊन विचार केला. डॉक्टर-वकिलांच्या पोरांत कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घालून बसायचं म्हणजे तिलाच वाईट वाटणार. मुलीच्या मनाचा विचार मास्तरने नाही करायचा तर कुणी?

८ डिसेंबर
जागा दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला दिली. माझी दाढ नेमकी याच आठवड्यात दुखत होती. ती काढून घेतली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.
मॅडमना सांगितलं, रताळेवाला तयार नाही. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता.

२२ फेब्रुवारी
इन्शिराहचा बाप मितवल्ली शाळेत आला. म्हणाला, उस्ताद, पोरगी गाडीशेजारी बसून वाचत राहते, गिऱ्हाईक ताटकळतं तरी हिला पत्ता नसतो. वर म्हणते डॉक्टर होणार. आम्हाला काय कळतंय, तुम्ही सांगाल ते खरं.
मी खोटं बोलणारा माणूस नाही. सांगितलं, पाचव्या तुकडीतून डॉक्टर निघत नाहीत. परीक्षा झाली की शिवणशाळेत घाल, पोटापाण्याचं होईल. तो म्हणाला, बरं झालं आधीच सांगितलंत, उगीच पोरीच्या मनात आणखी भरत गेलं असतं. शिवणशाळेच्या फॉर्मवर अंगठा उठवला. शिक्षकाच्या शेऱ्यात मी लिहिलं: हाताला वळण चांगलं आहे.
ती दाराशीच उभी होती. बापाने तिला फॉर्म दाखवला. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मुली रडतातच. एका घराचं भलं केलं म्हणून मला दिवसभर प्रसन्न वाटलं.

१९ जून
सरकारी परीक्षेचा रिझल्ट. हातिम नापास. फक्त गणितात. पेपर तपासणारे बाहेरगावचे, त्यांना माझं शिकवणं झेपलेलं दिसत नाही. फेरपरीक्षा २० ऑगस्टला.
शाळेत पहिली इन्शिराह. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, म्हणूनच तिला पाचव्या तुकडीत ठेवली होती, तिथं टेन्शन नसतं.
क्लार्क म्हणाला, शिवणशाळेचा फॉर्म गुरुवारपर्यंत मागे घेता येतो. बापाचा अंगठा आणि माझी सही, बस. मग तिला पुढे डॉक्टरकीला जाता येतं त्या मोठ्या शाळेत सहज जागा मिळेल.
ठराव: उद्या सकाळी मितवल्लीकडे.

२० जून
ऊन फार.

२१ जून
नगला रडतेय. अशा वेळी घर सोडून जाणं बरं दिसत नाही.

२३ जून, गुरुवार
फाटकापर्यंत गेलो. गाडीवर गिऱ्हाईक होतं. माणसाला धंद्याच्या वेळी त्रास देऊ नये. परत आलो.

२ ऑगस्ट
हातिमला मीच शिकवतोय. तो भिंतीकडे बघत बसतो. दुसऱ्या मास्तरकडे पाठवलं तर गावभर होईल, माझ्या शिकवणीला कुत्रं फिरकणार नाही. नगला म्हणाली, त्या रताळेवाल्याच्या पोरीकडे न्या, त्या गल्लीत आपल्या ओळखीचं कुणी राहत नाही. मी खूप चिडलो. गल्लीचा मुद्दा मात्र बरोबर आहे.

५ ऑगस्ट
गेलो. फाटकामागे एक खोली. इन्शिराह मशीनवर शाळेच्या शर्टांच्या कॉलर शिवत होती. मितवल्लीने मला घरातल्या एकमेव खुर्चीवर बसवलं. म्हणाला, तुमची कृपा उस्ताद, आत्तापासूनच हात बसलाय तिचा.
तिने हातिमची वही घेतली. दोन पानं चाळली. विचारलं, तुला हे असं कुणी शिकवलं? हातिमने माझ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग त्याला म्हणाली, हरकत नाही, आपण पहिल्यापासून करू.
अर्ध्या तासात त्याला समजलं. त्या खोलीत वारा बरा येतो.
रोज चारला यायचं ठरलं. निघताना ती दारापर्यंत आली. हळूच, बापाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, उस्ताद, तो फॉर्म अजून मागे घेता येतो का?
चौकशी करून सांगतो म्हटलं. हातिमचा पेपर वीस तारखेला आहे. त्यानंतर सांगेन.