कव्हरवरची वैजयंता

प्रिय बंटी,

जय भीम. फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर तू अर्धंच ऐकतोस आणि हो-हो म्हणून मोकळा होतोस, म्हणून तुझ्या पुण्याच्या पत्त्यावर हे पाठवतेय.

तुझ्या बहिणीनं आठवडाभर घराचं पार रद्दीचं दुकान केलं होतं. पायलला कॉलेजात संगीताच्या मासिकाचं कव्हर करायला सांगितलं. आधी छापलेली मासिकं बघायची, त्यांची रीत उचलायची आणि आपलं नवं बनवायचं. बाईसाहेबांनी कुठून कुठून जुने अंक आणून कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लटकवले. माझे गाऊन खुर्चीवर वाळले! पण मग मलाही नाद लागला. सगळीकडे रीत तीच रे. वर मासिकाचं ठळक नाव, त्यावर जरासं आलेलं गाणाऱ्याचं डोकं आणि डोळे सरळ आपल्यावर रोखलेले.

फोटोसाठी तिनं मला धरलं. मी म्हटलं, पप्पांना घे. गायन पार्टी त्यांची, पोस्टरवर नाव त्यांचं, मी बावीस वर्षं मागून कोरस दिला. खोटं कशाला बोलू, पोस्टरवर आपलं नाव कसं दिसेल ते मी मनात कितीदा तरी बघितलंय. पण पुढे उभं राहायचं म्हटलं की मी आणखी मागे सरायचे.

ऐकेल तर ती पायल कसली! आम्हा दोघांना मुर्धा गावाला मिठागरांजवळ घेऊन गेली. मी माईक धरून गायले, पण प्रत्येक फोटोत माझी मान डावीकडे. कोरसवाल्यांनी पब्लिककडे बघायचं नसतं, पुढच्याच्या ओठांवर नजर ठेवायची, तेव्हा कुठे ओळ कधी उचलायची ते कळतं. तुझे पप्पा कायम माझ्या पुढे, डावीकडे असायचे. इथे डावीकडे एक बगळा होता, आणि मी त्याच्याकडे बघून जीव तोडून गात होते! पायल आधी चिडली, मग हसून हसून बांधावरच बसली. शेवटी तिनं पप्पांना फोटो काढायच्या फोनच्या मागे उभं केलं. ते नुसते ओठ हलवत होते, म्हणून माझी नजर समोर आली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी ओठ मिटले. मुद्दामच. मी थांबले नाही. पुढचं सगळं एकटीनं म्हटलं, आणि पायलनं तेव्हाचाच फोटो कव्हरला घेतला.

कव्हरवर मोठ्या अक्षरात नुसतं 'वैजयंता' लिहिलंय. कुणाची बायको, कुणाची आई, काही नाही. शेजारच्या गुजराती भाभी म्हणाल्या, अरे, आप तो हीरोइन निकली! मी लाजले, पण दार लावून परत बघितलं. फार आनंद झाला रे.

पायलनं एक प्रत विहाराच्या फलकावर लावली आणि कमिटीवाले घरी आले. बुद्ध पौर्णिमेला मुख्य गायिका म्हणून मला बोलावतायत. दोन दिवस मी नाही म्हणत होते. आज जाऊन हो म्हणून आले. मागे कोरसला तुझे पप्पा उभे राहणार, तेच आपणहून म्हणाले. पण एकट्याचा कोरस होत नाही, आणि त्यांना आता दमही पुरत नाही. दोन दिवसांची रजा टाक. आमच्या प्रॅक्टिसला कंटाळून पळायचास, तरी सगळी गाणी तुला पाठ आहेत, मला ठाऊक आहे. ये बाळा. तुझी आई पुढे उभी राहून गाणार आहे, आणि मागे तुझा आवाज मला हवाय.

तुझीच,
मम्मी